जुना डीएक्स-७ मास्टर कीबोर्ड म्हणून: आधी लाइन, मग वायर, मग पट्ट्या

प्रश्न थोडक्यात असा. वडसा-देसाईगंजकडच्या एका झाडीपट्टी नाटकमंडळीत ऑर्गन वाजवणाऱ्या भाऊंना दोन जुने सिंथ (सिंथेसायझर) स्वस्तात मिळत आहेत: जपानहून आलेला यामाहा डीएक्स-७ आणि रोलँड जुनो-१०६. हार्मोनियम, ऑर्गन, सारंगी, व्हायोलिन हे सगळे आवाज त्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत. यातला कोणता सिंथ मास्टर कीबोर्ड म्हणून, म्हणजे लॅपटॉपमधले आवाज वाजवणारा कीबोर्ड म्हणून, लावावा, कसा लावावा, आणि जनरेटरच्या लाइनवर रात्रभर तो टिकेल का?

भाऊ, डीएक्स-७ घ्या. जुनो या कामाला नको. जुनोचा स्वतःचा आवाज झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मास्टर कीबोर्डचा आवाज कुणी ऐकत नाही. तो बाहेर काय पाठवतो एवढाच प्रश्न असतो, आणि जुनो-१०६ च्या पट्ट्यांना दाब कळत नाही. हळू वाजवा की आपटा, प्रत्येक सूर वेलॉसिटी (दाबाचा आकडा, कमाल १२७) ६४ नेच जातो. हार्मोनियमचं त्यावर भागेल, व्हायोलिन आणि पियानो मात्र निर्जीव वाजतील. जुनोच्या पॅनलवरच्या सरकपट्ट्याही कामाच्या नाहीत. त्या कंट्रोल चेंज (सगळ्या वाद्यांना कळणारे साधे क्रमांकाचे संदेश) न पाठवता सिस्टिम एक्सक्लुझिव्ह (त्या कंपनीचे खास संदेश) पाठवतात, आणि लॅपटॉपमधली बहुतेक वाद्यं ते ओळखत नाहीत.

डीएक्स-७ आला १९८३ मध्ये, म्हणजे मिडी (वाद्यांनी एकमेकांना सूर आकड्यांत कळवण्याची पद्धत) ज्या वर्षी बाजारात उतरलं त्याच वर्षी. ६१ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, वेलॉसिटी आहे, आफ्टरटच (पट्टी धरून आणखी दाबल्याची नोंद) आहे, आणि पट्ट्यांची बांधणी आजच्या दहा-बारा हजारांच्या कंट्रोलर कीबोर्डपेक्षा कितीतरी भक्कम. पण मिडीच्या पहिल्याच पिढीचं यंत्र असल्यामुळे त्याच्या काही खोडी आहेत. त्या आधीच माहीत असल्या तर पहिल्या अंकात घाम फुटत नाही.

सगळ्यात आधी लाइन, कारण विदर्भातल्या गावांत जुने सिंथ मरतात ते लाइनमुळेच. मागच्या पत्र्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते वाचा. जपानी बाजारातला नग १०० व्होल्टचा असतो आणि त्याची पिन चपटी, दोन पात्यांची. कन्व्हर्टर पिन लावून तो सरळ २३० मध्ये खुपसला तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर आतला ट्रान्सफॉर्मर. त्यासाठी २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. सिंथच्या पत्र्यावर जितके वॅट लिहिले आहेत त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. १०० व्हीएचा घेतला की चिंता नको.

दुकानदार हमखास ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुढे करतो आणि 'चालते ना भाऊ' म्हणतो. पुण्या-मुंबईत चालेलही. पण ट्रान्सफॉर्मर फक्त प्रमाण राखतो. रात्री अकरानंतर गावातला भार उतरला की डीपीवर २५० व्होल्ट येणं काही नवलाचं नाही. तेव्हा ११० वाल्यातून जवळजवळ १२० व्होल्ट बाहेर पडतात आणि १०० व्होल्टच्या यंत्रातले रेग्युलेटर तापायला लागतात. १०० वाल्यातून तेव्हा १०९ येतात, तेवढं सोसतं. उलट बाजूही बघा. संध्याकाळी पंप सुरू असताना लाइन १७० वर आली तर सिंथला ७४ व्होल्टच मिळतात. आतला ५ व्होल्टचा पुरवठा कोसळतो, प्रोसेसर मधेच रीसेट होतो, स्क्रीनवर कचरा दिसतो आणि लॅपटॉपमध्ये सूर अडकून राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्टॅबिलायझर, त्यानंतर स्टेप-डाउन, शेवटी सिंथ. स्टॅबिलायझर नंतर लावला तर त्याचा उपयोग शून्य.

नाटकाच्या मंडपात बहुधा डिझेल जनरेटर असतो. हॅलोजनचा एखादा मोठा बोर्ड एकदम बंद केला की जनरेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं. त्यामुळे लाइटवाल्याचा आणि वाद्यांचा बोर्ड वेगळा मागून घ्या, आणि तोही जनरेटरपासूनच वेगळी वायर ओढून. एकाच फळीवरचे दोन प्लग म्हणजे वेगळा बोर्ड नव्हे. सिंथ आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्यायचे असतील तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर जुन्या सिंथचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, आणि ती गुरगुर आवाजातही उतरते.

अर्थिंगबद्दल कंटाळा करू नका. भात कापलेल्या बांधीत मंडप पडतो आणि अर्थिंग म्हणून वायरचं टोक कुठेतरी खुंटीला गुंडाळलेलं असतं. किमान एक लोखंडी सळई चांगली खोल ठोकून तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओता, आणि वाद्यांच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. गायक माइकला ओठ लावतो आणि तुमचा हात सिंथच्या पत्र्यावर असतो. त्या दोघांच्या मधे काय चाललं आहे हे फक्त अर्थिंग ठरवते.

आता वायर. लॅपटॉपला मिडीचं पाच पिनांचं सॉकेट नसतं, म्हणून मधे यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो. बाजारात दोन शेपट्यांची स्वस्त वायर मिळते. नुसते सूर पाठवायला ती बहुतेक वेळा चालते. तिच्या दोन खोडी मात्र लक्षात ठेवा. पहिली म्हणजे शेपटीवर 'इन' लिहिलेलं असतं ते लॅपटॉपच्या बाजूने. त्यामुळे 'इन' ची शेपटी सिंथच्या आउटमध्ये जाते. पहिल्या दिवशी काहीच येत नसेल तर शेपट्यांची अदलाबदल करून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दुसरी म्हणजे मोठा डेटा आला की यातल्या बऱ्याच वायर गुदमरतात. डीएक्स-७ च्या ३२ आवाजांचा बॅकअप ४,१०४ बाइटचा असतो. तो अर्धवट आला तर सिंथला दोष देऊ नका, आधी वायर बदला. शक्य असेल तर नावाजलेल्या कंपनीचा, दिवा लुकलुकणारा इंटरफेस घ्या. दिवा लुकलुकतो म्हणजे निदान सिंथकडून काहीतरी येतं आहे एवढं तरी अंधारात कळतं.

सिंथच्या पाठीवर तीन सॉकेट आहेत: इन, आउट, थ्रू. तुम्ही वाजवलेलं फक्त आउटमधून जातं. थ्रूमधून फक्त इनमध्ये आलेलं पुढे सरकतं. आउट खराब आहे म्हणून थ्रूला वायर लावून बसलेले लोक कमी नाहीत.

आउट जिवंत आहे का हे तपासायला लॅपटॉपही लागत नाही. पाच पिनांच्या कमानीत बरोबर मधली पिन क्रमांक २, तिच्या दोन बाजूंच्या ४ आणि ५. टोकाच्या १ आणि ३ मिडीत रिकाम्या असतात. सिंथ चालू करून मल्टिमीटरने २ आणि ४ मधे, मग २ आणि ५ मधे मोजा. काही वाजत नसताना दोन्हीकडे साधारण ५ व्होल्ट दिसायला हवेत. त्यानंतर एक साधा लाल एलईडी ४ आणि ५ च्या मधे लावा, लांब पाय ४ कडे. रेझिस्टर सिंथच्या आतच आहेत. पट्टी दाबली की एलईडी मिणमिणतो. मिणमिणला तर आउट शाबूत आहे, पुढचा दोष वायर किंवा लॅपटॉपचा.

वायरीबाबत आणखी एक फसगत होते. जुन्या टेप-डेकच्या पाच पिनांच्या वायरी गावोगावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे अजून सापडतात आणि मिडीच्या सॉकेटमध्ये त्या अगदी चपखल बसतात. पण त्यातल्या पुष्कळ वायरी आतून उलट्या जोडलेल्या असतात, म्हणजे एका टोकाची ४ दुसऱ्या टोकाच्या ५ ला. मल्टिमीटरच्या बीपवर लावून बघा: ४ ला ४, ५ ला ५, २ ला २. मिडी वायरची लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. लॅपटॉप विंगेत आणि सिंथ रंगमंचापुढच्या खड्ड्यात असेल तर लांब मिडी वायर आणि आखूड यूएसबी हीच जोडी बरोबर. लांब यूएसबी वायर हमखास दगा देते.

आता खरं काम. डीएक्स-७ तुमच्या हाताखाली नक्की काय पाठवतो हे डोळ्यांनी बघा. विंडोजवर मिडी-ऑक्स हे मिडीचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते उघडा, इंटरफेस निवडा आणि डावीकडून एकेक पट्टी वाजवत चला. सुरांचे क्रमांक ३६ पासून सुरू होऊन ९६ ला संपले पाहिजेत. प्रत्येक पट्टी तीनदा वाजवा: हलकी, मध्यम, जोरात. पट्टी सोडल्यावर सूर बंद झाल्याचा संदेशही आला पाहिजे. डीएक्स-७ तो 'नोट ऑन, वेलॉसिटी शून्य' असा पाठवतो, तेव्हा 'नोट ऑफ' दिसत नाही म्हणून घाबरू नका. आकडे वहीत लिहून काढा. एखादी पट्टी शेजारणीपेक्षा सारखी जोरात किंवा सारखी मंद येत असेल तर ती कॉन्टॅक्टची घाण आहे. तिच्याकडे पुढे येतो.

या वहीत एक गोष्ट लगेच लक्षात येईल. कितीही आपटलं तरी डीएक्स-७ चा आकडा १२७ ला पोचत नाही, शंभरीच्या आसपास घुटमळतो. हा तुमच्या नगाचा बिघाड नाही, या मॉडेलची ठेवणच तशी आहे. पण आजची सॅम्पल वाद्यं १२७ गृहीत धरून बनवलेली असतात. व्होकल हार्मनी किंवा ब्रासचा सर्वांत वरचा थर ११५ च्या पुढे ठेवलेला असेल तर तो कधीच वाजणार नाही. उपाय लॅपटॉपमध्ये आहे. तुमच्या वहीतला सर्वांत मोठा आकडा समजा १०२ आहे, तर येणारी प्रत्येक वेलॉसिटी १२७ भागिले १०२, म्हणजे साधारण सव्वापट करून पुढे पाठवा. रीपरसारख्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅकच्या सुरुवातीलाच वेलॉसिटी बदलणारं छोटं प्लगइन लावता येतं. खालचा भाग जरा चढवून वक्र दिला तर हलका हातही ऐकू येतो. हा वक्र प्रत्येकाच्या हातानुसार वेगळा असतो, दुसऱ्याचा उसना घेऊन उपयोग नाही.

हार्मोनियम आणि ऑर्गनसाठी मात्र उलट करा. तिथे वेलॉसिटी ९०-१०० वर पक्की बांधून टाका. खऱ्या पेटीला पट्टीचा दाब कळत नाही, तिचा चढउतार भात्यातून येतो. डीएक्स-७ ला पायाने चालवायचं मॉड्युलेशन पेडल लावता येतं आणि ते कंट्रोल चेंज ४ पाठवतं. लॅपटॉपमध्ये या ४ चं रूपांतर ११ मध्ये, म्हणजे एक्स्प्रेशनमध्ये करा. मग पायाने भाता मारल्यासारखा आवाज चढतो-उतरतो. पायपेटी वाजवणाऱ्याचा पाय तर आधीच तयार असतो. फक्त खालची मर्यादा शून्यावर ठेवू नका, ३५-४० वर ठेवा. नाहीतर संवादाच्या मधे पाय उचलला की आवाज गुल, आणि पुढच्या पदाच्या सुरुवातीला तुम्ही वायर शोधत बसाल.

सस्टेन पेडलची दिशा कंपनी-कंपनीत उलटी असते. पाय उचलला की सूर लांबतो आणि दाबला की तुटतो असं होत असेल तर पेडल उलट्या जातीचं आहे. बगलेत पोलॅरिटीचं बटन असलेलं पेडल घेतलं की प्रश्न संपला. आणि हार्मोनियमच्या ट्रॅकवर कंट्रोल चेंज ६४, म्हणजे सस्टेनचा संदेश, गाळून टाका. पेटीला सस्टेन दिला की सगळा गोंधळ ऐकू येतो.

डीएक्स-७ च्या उरलेल्या खोडी. पहिल्या आवृत्तीचा डीएक्स-७ बाहेर पाठवताना फक्त चॅनल १ वापरतो. स्क्रीनवर चॅनल बदलता येतो तो ऐकण्याचा, बोलण्याचा नव्हे. त्यामुळे डाव्या हाताला ऑर्गन आणि उजव्या हाताला व्हायोलिन असं विभाजन सिंथमध्ये होत नाही, लॅपटॉपमध्येच करावं लागतं: सूर ५९ पर्यंत एका ट्रॅकला, ६० पासून दुसऱ्याला. दुसरी खोड म्हणजे त्यात लोकल ऑफ, म्हणजे पट्ट्यांपासून स्वतःचा आवाज तोडण्याची सोय, नाही. पट्टी दाबली की त्याचा स्वतःचा आवाज येणारच. नको असेल तर व्हॉल्यूमची सरकपट्टी खाली ओढा, मिडीवर त्याचा परिणाम होत नाही. लॅपटॉपमधून परत डीएक्स-७ च्या इनमध्ये वायर लावली असेल आणि प्रोग्रॅम आलेलं तसंच परत पाठवत असेल, तर प्रत्येक सूर दोनदा वाजतो आणि एकाच वेळी वाजणारे सूर निम्मे होतात. नाटकाच्या कामासाठी ती परतीची वायर लावूच नका.

तिसरी खोड अॅक्टिव्ह सेन्सिंगची. काही वाजत नसतानाही डीएक्स-७ 'मी आहे, मी आहे' असा एक बाइट सतत पाठवत राहतो. रेकॉर्डिंगमध्ये तो कचरा साचवतो. मिडी-ऑक्सच्या फिल्टरमध्ये तो बंद करता येतो. प्रोग्रॅम चेंज, म्हणजे आवाज बदलण्याचा संदेशही, तिथेच गाळा. नाहीतर अंधारात कोपर आवाजाच्या बटनाला लागतं आणि लॅपटॉपवरची सारंगी एकाएकी ट्रंपेट होते.

मिडी-ऑक्सला सिंथ आणि वाद्यांच्या प्रोग्रॅमच्या मधे ठेवायचं असेल तर त्याच्यासोबत लूप-मिडीसारखं आभासी पोर्ट लागतं, कारण विंडोजवर साधारणपणे एक मिडी पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. 'काल चाललं, आज पोर्ट दिसत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा मागे उघडा राहिलेला दुसरा प्रोग्रॅम असतो.

सूर बदलण्याचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे गायक आल्या आल्या पट्टी सांगतो. तुम्ही सी वरून वाजवत असाल तर काळी एकला अधिक १, काळी दोनला अधिक ३, पांढरी चारला अधिक ५. ही बदली लॅपटॉपमध्ये करा, आणि सगळी बोटं उचलल्यावरच करा. पट्टी दाबलेली असताना बदली केली तर सुरू झालेला सूर एका क्रमांकाचा आणि बंद होणारा दुसऱ्याच क्रमांकाचा, मग तो सूर अडकतो आणि पद संपेपर्यंत भुणभुणत राहतो. सगळे सूर बंद करणारं पॅनिकचं बटन एखाद्या सोप्या कळीवर बांधून ठेवा. स्पेसबारवर नको, एंटरवर तर मुळीच नको.

उशीर लागतो म्हणतात तो मिडीचा फारच थोडा. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट वाहते, एका सुराचे तीन बाइट जायला साधारण एक मिलिसेकंद. दहा बोटं एकदम पडली तरी दहा मिलिसेकंदांच्या आत काम होतं. खरा उशीर लॅपटॉपच्या साउंडमध्ये असतो. ४४,१०० च्या दराला २५६ सॅम्पलचा बफर (आवाजाचा आगाऊ साठा) म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. २५६ वर ठेवा, आवाज कडकडला तरच वर जा. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडवर वाजवत असाल तर एएसआयओचा (उशीर कमी करणारा) ड्रायव्हर लावल्याशिवाय बोटाला सूर लागणार नाही. पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याचा पर्याय बंद करा. नाहीतर लांबलेल्या भाषणात विंडोज पोर्ट झोपवू शकतं. अॅंड्रॉइड फोनला ओटीजीने इंटरफेस लागतो आणि तालमीपुरता चालतो, पण स्वस्त फोनमधला आवाजाचा उशीर जलद तानेला झेपत नाही.

गुणगुण येत असेल तर मिडी वायरीवर संशय घेऊ नका. मिडीच्या इनमध्ये ऑप्टोकपलर असतो, म्हणजे सिंथ आणि लॅपटॉपमधे संदेश प्रकाशातून जातो, विजेचा धागा जोडलेला नसतो. एकदम स्वस्त वायरीत तो गाळलेला असतो हा भाग वेगळा. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर दोष चार्जर आणि मिक्सरच्या मधल्या वाटेचा आहे, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (विजेचा थेट जोड तोडून आवाज मिक्सरला देणारी डबी) लावा. चार्जरची अर्थची पिन तोडणं हा इलाज नाही.

आता पट्ट्या. वेलॉसिटीच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात आणि पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंतचा वेळ मोजून दाब ठरतो. एकावर धूळ बसली की हिशेब बिघडतो: सूर येतच नाही, किंवा विनाकारण कमाल जोराने येतो. काही मॉडेलांत हे कॉन्टॅक्ट धातूच्या पातळ पात्यांचे असतात, बऱ्याच मॉडेलांत काळ्या कार्बनच्या ठिपक्याचे रबर. उघडण्याआधी प्लग काढा, प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, कोणता स्क्रू कुठला ते कागदावर चिकटवून ठेवा. रबर असेल तर ठिपके आणि खालच्या सर्किटवरचे काळे पट्टे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या फडक्याने, घासाघीस न करता पुसा. घासलं तर कार्बनच निघून जातो. पेट्रोल, थिनर, रॉकेल नको. गंज काढायचा स्प्रे तर अजिबात नको, त्याचा तेलकट थर धुळीला आमंत्रण देतो. धातूची पाती असतील तर ती वाकवून नीट करण्याच्या फंदात न पडणंच बरं. पातीचं अंतर केसभर बदललं की त्या पट्टीची वेलॉसिटी कायमची वेगळी होते. रबराची पट्टी परत बसवताना तिचे बारीक खुंट बोथट काडीने पूर्ण आत ढकला. एखादा वर राहिला की तिथली पट्टी कडक लागते.

आफ्टरटचची पट्टी चाळीस वर्षांनी बहुतेक थकलेली असते: एकतर मेलेली, नाहीतर सतत बडबडणारी. मिडी-ऑक्समध्ये बोट न लावता संदेशांची रांग धावत असेल तर ती तीच, किंवा बेंड-मॉड्युलेशनच्या चाकाचा झिजलेला पॉट (फिरता रेझिस्टर). बेंडचं चाक सोडल्यावर आकडा बरोबर मधे, ८,१९२ वर यायला हवा. नाही आला तर सगळं वाद्य बेसूर वाजतं आणि दोष गायकाच्या माथी येतो. आपल्या कामाला आफ्टरटचची गरज नाही, गाळून टाका.

आतल्या बोर्डावर ३ व्होल्टचा लिथियम सेल सोल्डर केलेला असतो. तो मेला की आवाजांची स्मृती जाते. सूर पाठवणं चालू राहतं, पण सेटिंग दरवेळी भलतीच निघू शकते. आधी ३२ आवाजांचा बॅकअप घ्या, मग जाणत्या माणसाकडून सेल काढून त्या जागी होल्डर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी साधा सीआर-२०३२ टाकला की झालं. सोल्डरची इस्त्री सेलला थेट लावू देऊ नका. त्याच खेपेला पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर १०५ अंशांच्या दर्जाचे घालून घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात सिंथ पडून राहतो तेव्हा जुने ८५ अंशवाले तिथेच संपतात. ५ व्होल्टचा पुरवठा ४.९ ते ५.१ मधे आहे का तेही मोजून घ्या.

सीझन दिवाळीनंतरचा, म्हणजे थंडीचा. मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि थंड पत्र्यावर पाणी धरतं, आतही धरतं. अंकांच्या मधल्या वेळात सिंथ बंद करू नका, चालू यंत्राची ऊब दव बसू देत नाही. वरून सुती कापड टाका. प्लास्टिक टाकलं तर ओल आतच कोंडते. पहाटे पेटीत भरण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, आणि गावी पोचल्यावर झाकण उघडं ठेवून यंत्र वाळू द्या. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून परत टाका. मुंग्या आणि झुरळं कीबोर्डच्या फटीत संसार थाटतात. पेटीखाली विटा ठेवा. पेटीत डांबरगोळ्या नको, कडुनिंबाचा सुका पाला चालेल. डांबरगोळीच्या वाफेने काही प्लास्टिक चिकट होतात.

दुसरा जुना सिंथ पुढे चालून आला तर हे ध्यानात ठेवा. रोलँड डी-५० (१९८७) आणि कोर्ग एम-१ (१९८८) दोन्ही ६१ पट्ट्यांचे, वेलॉसिटी आणि आफ्टरटचसह, मास्टर म्हणून डीएक्स-७ पेक्षाही सोयीचे. यामाहा डीएक्स-२१, डीएक्स-२७, डीएक्स-१०० नावाने सख्खे वाटतात, पण त्यांच्या पट्ट्यांना दाब कळत नाही. कॅसिओ सीझेड-१०१ च्या पट्ट्या छोट्या आणि बिनदाबाच्या. जुनो-६० ला तर मिडीच नाही, त्याच्या पाठीवरचं डीसीबीचं (रोलँडच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीचं) सॉकेट वेगळंच. घेण्याआधी विकणाऱ्याला एकच सांगा: लॅपटॉप आणि इंटरफेस आणतो, ६१ पट्ट्या वाजवून बघू द्या. 'आवाज येते ना, मग झालं' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

तालमीला मात्र साधा ४९ पट्ट्यांचा यूएसबी कंट्रोलर वापरा आणि तोच प्रयोगाच्या रात्री गाडीत राहू द्या. डीएक्स-७ चे कॉन्टॅक्ट आता नवे मिळणं कठीण, बहुतेकदा दुसरं मेलेलं यंत्र फोडूनच काढावे लागतात. लॅपटॉपमध्ये दोन्ही कीबोर्डसाठी वेगळे वेलॉसिटी वक्र आधीच साठवून ठेवले तर अदलाबदलीला एक मिनिटही लागत नाही.